शून्य मी केलं होतं

बाळाराम, तुझ्या तेराव्याला मी पोटभर जेवलो, हे आधी सांगून टाकतो. दोन वेळा भात घेतला, वालाच्या बिरड्यात मीठ कमी आहे म्हणून नाव ठेवलं आणि पंगत उठल्यावर तुझ्याच ओट्यावर पाय पसरून बसलो. माझ्या बायकोने, सुमनने, दुरून डोळे वटारले. मग जवळ येऊन कानाशी पुटपुटली, "आपला साडू गेलाय, लोकं बगतान." तिची मोठी बहीण तारा, तुझी बायको, हिने मात्र मला आणखी एक वाटी बिरडं आणून दिलं आणि शेजारी बसली. तिला सगळं माहीत आहे.

लोक धीर द्यायला येतात. "हरी, तुझा जोडीदार गेला," म्हणतात, आणि मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं दुःखाने. दुःख आहेच रे, ते कुठे जातंय. पण मान खाली घालतो ती चेहरा दिसू नये म्हणून, कारण मला सुटल्यासारखं वाटतंय. तू पंधरा दिवस आधी गेला असतास तर मी ती गोष्ट पोटात घेऊन म्हातारा झालो असतो. तू थांबलास, ऐकून घेतलंस, मला मनसोक्त शिव्या दिल्यास आणि मगच गेलास. तुझे उपकार फेडायचे तरी कसे?

शून्य मी केलं होतं. वाळवंटात, तिसऱ्या दिवशी, आपल्या जिप्सी गाडीतलं अंतर मोजायचं काउंटर माझ्या हाताने शून्यावर गेलं आणि आपली रॅली बुडाली. सात वर्षं तू समजत राहिलास की तुझा हात लागला. शेलारपासून धामणकर नाक्यापर्यंत, सगळ्या भिवंडीत, लोकही तेच समजत राहिले, आणि मी त्यांना समजू दिलं.

रॅलीचं खूळ तुझं होतं, हे तू शेवटच्या आठवड्यातही नाकारत होतास म्हणून इथे लिहून ठेवतो. पेपरातलं कात्रण घेऊन तू यंत्रमागाच्या गाळ्यावर आलास. राजस्थानच्या वाळवंटातून पाच दिवस गाड्या आणि मोटारसायकली पळवायच्या, आणि रस्ता म्हणून काही नाही. लूम चालू होते, त्या खडखडाटात तू माझ्या कानात ओरडून ते कात्रण वाचलंस. मी म्हणालो, आपण कुठे, वाळवंट कुठे. तू म्हणालास, "चिखलात ट्रॅक्टर चालवला ना? मंग वालूत गाडी क्याला न्हाय चालायची?" भातखाचरात गाडी चालवायला शिकलेल्या माणसाला कोण काय समजावणार. तू मालक, मी तुझ्या गाळ्यावरचा जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्यात तू थोरला साडू. मी कात्रण खिशात घातलं आणि कामाला लागलो.

त्या खेळाची रीत मला आधी कळली, हे मात्र तू नेहमी मान्य केलंस. आयोजक रोज सकाळी एक वही देतात, तिला रोडबुक म्हणतात. तिच्यात ओळीने चौकोन असतात. सुरुवातीपासून किती किलोमीटरवर काय लागेल, वळण कसं आहे त्याचं छोटं चित्र आणि बाजूला खूण, पडकी विहीर, फाटक, खेजडीचं झाड. एकाने गाडी हाकायची, दुसऱ्याने आकडा बघून वाचत राहायचं. वाळूत पाट्या नसतात. अंतर चुकलं की वळण चुकलं, आणि वळण चुकलं की चारी बाजू सारख्याच. म्हणून अंतर मोजणारं यंत्र नीट लागतं. ते विकत मिळतं, तू मुंबईला जाऊन बघूनही आलास, आणि आल्या आल्या म्हणालास, "हरी, ह्यो तर आपला लूमचा काउंटर हाय."

आणि खरंच तेच आपण बसवलं. कापड किती विणलं ते दाखवणारं काउंटर, जुन्या लूमवरून काढलेलं, जिप्सीच्या डॅशबोर्डवर बरोबर मधोमध, दोघांच्याही हाताला येईल असं. नाक्याजवळच्या लेथवाल्या खराद्याकडून त्यासाठी गिअर करून घेतला. तो चष्म्यावरून बघत म्हणाला होता, "सेठ, कपड़ा नापना है कि राजस्थान?" नाशिक हायवेवर किलोमीटरचे दगड बघत आपण आठ दिवस त्याची परीक्षा घेतली. शेवटी ते इतकं अचूक चालायला लागलं की तू त्याच्या काचेचा मुका घेतलास, आठवतं?

निघताना सासुरवाडीला, शेलारला, केवढा थाट केला होता सगळ्यांनी. सासूबाईंनी ओवाळलं, नारळ फोडला, आणि मेहुण्याने, कमळाकरने, आपल्या दोघांचा फोटो लावून फ्लेक्स उभारला. खरं तर माझ्या जागी तुझा सख्खा भाऊ जायचा होता. सुमनने ताराशी भांडून ती जागा मला मिळवून दिली होती. म्हणून मी त्या अंगणात सगळ्यांसमोर छाती काढून बोललो, "गाडी बाळारामची, आकडे माझे. आकड्यात मी कधी चुकत न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू तर सगळ्यांत जोरात वाजवल्यास.

पहिले दोन दिवस आपण काय चाललो रे! पुढे मोटारसायकली सुटायच्या, वाळूचे फवारे उडवत टेकडीमागे दिसेनाशा व्हायच्या, मग गाड्यांचा नंबर लागायचा. मोठमोठ्या गाड्या, डोक्यावर दिवे, चालकांच्या अंगात एकसारखे कपडे. आणि त्यांच्यात भिवंडीची पांढरी जिप्सी, मागच्या काचेवर एकवीरा आईचा फोटो. मी वाचायचो, "बेचाळीस पॉइंट तीन, डावी, विहीर," आणि बेचाळीस पॉइंट तीनला विहीर हजर. तू दर वेळी "हाय!" म्हणून ओरडायचास. दुसऱ्या संध्याकाळी फळ्यावर नावं लागली तेव्हा नव्यांच्या गटात आपण तिसरे होतो. तू एसटीडी बूथवरून ताराला फोन केलास आणि बोलताना तुझा आवाज फुटला. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी फसलो ते मात्र तुझ्यामुळे. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालोय आणि मागेही म्हणेन. वाळूत टायरची हवा कमी करायची असते, सगळे करत होते. तुझं एकच, "हवा काढून कोन गाडी चालवतो? पंक्चरवाला हाय का मी?" एकशे अडतीसला पडकी विहीर गेली, आणि पुढच्या उंच टेकडीवर गाडी पोटावर बसली. पाऊण तास आपण फावड्याने आणि हाताने वाळू उपसली. शेवटी तू हवा काढलीस, तीही माझ्याकडे न बघता. गाडी निघाली, पण तोवर तुझ्या डोळ्यांत इतकी वाळू गेली होती की तुला समोरचं दिसेना. म्हणालास, "हरी, तू घे गाडी. मी वाचतू."

तू बाटलीतल्या पाण्याने डोळे धूत बोनेटपाशी उभा होतास. मी चालकाच्या जागेवर बसलो.

आपल्या गाळ्यावरची सवय तुला सांगायला नको, पण हे इतर कोणी वाचेल म्हणून लिहितो. शिफ्ट बदलली की नवा कारीगर लूमवर बसताना पहिल्यांदा काउंटरची चावी फिरवून शून्य करतो. आधीच्याचं कापड आधीच्याच्या नावावर, आपलं आपल्या. मी पोरवयापासून ते केलंय. जॉबर झाल्यावरही, लूम दुरुस्त करून चालू केला की हात आपोआप त्या चावीकडे जायचा. तूही बापाच्या गाळ्यावर असाच शिकलास. तर मी जिप्सीच्या सीटवर बसलो, यंत्र ताब्यात घेतलं, आणि उजव्या हाताने किल्ली फिरवून इंजिन चालू करता करता डाव्या हाताने काउंटर शून्य केलं. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. जांभई देताना तोंडापुढे हात जातो, तितकंच.

तू येऊन बसलास, अंगठ्याने काउंटरच्या काचेवरची, थेट कडेच्या चावीपर्यंत, धूळ पुसलीस, वही डोळ्यांजवळ धरलीस आणि आपण निघालो. बऱ्याच वेळाने तू म्हणालास, "हरी, ह्यो सात कसला दाखवतो?"

माझा हात मला आठवला, चावीचा तो कटकन आवाजही आठवला.

"शून्य कोनी केला?" तू विचारलंस. तुझ्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होतास.

मी म्हणालो, "मी न्हाय."

एवढंच बोललो. दोन शब्द. आणि मग तू तुझ्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलंस. लाल डोळे बारीक करून, परका हात असावा तसं बघितलंस. आणि म्हणालास, "मंग माझाच लागला असंल. काच पुसली ना मी." तेव्हा मला बोलायचं होतं. देवाशपथ, तोंड उघडलंही होतं. पण तू लगेच हिशोबाला लागलास. एकशे अडतीसच्या विहिरीनंतर टेकडीपर्यंत आपण किती आलो होतो? तू म्हणालास नऊ किलोमीटर. मी म्हणालो बारा. तुझ्या नऊने वळण अजून पुढे होतं, माझ्या बाराने आलंच होतं. बाळाराम, तो वाद तू गेलास तरी सुटलेला नाही. मला आजही वाटतं बाराच होते.

मधला आकडा धरून आपण वळलो. शंभर पावलांवर मोटारसायकलच्या चाकाचा ताजा पट्टा दिसला आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. मोटारसायकली आपल्या पुढे गेलेल्या, म्हणजे पट्टा त्यांचाच, म्हणजे वाट बरोबर. अठरा किलोमीटर आपण तो पट्टा सोडला नाही. तू गाणं म्हणायला लागलास. शेवटी पट्टा एका ढाणीत गेला, चार झोपड्या आणि काटेरी कुंपण, आणि कुंपणाला टेकवलेली मोटारसायकल दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. रॅलीत दुसरा कोणी दूधवाल्याच्या मागे गेला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या म्हातारीने आपल्याला ताक दिलं. तिची बोली आपल्याला कळेना, आपली तिला. तरी तू दोन लोटे ताक पिऊन तिच्या पाया पडलास.

परत वाटेला लागेपर्यंत वेळ संपली होती. पुढचे दोन दिवस आपण शेवटून दुसरे चालत राहिलो. एक गाडी उलटली नसती तर शेवटचेच. तू एकदाही कुरकुरला नाहीस. उलट मलाच सांगत राहिलास, "तुझी काय चुकी न्हाय, तू आकडे बरोबर वाचलास." ते ऐकणं वाळू खाण्यापेक्षा वाईट होतं.

घरी आलो आणि पहिल्याच जेवणाला, सासुरवाडीच्या अंगणात, तूच सगळ्यांना सांगितलंस की तुझ्या हाताने काउंटर शून्य झालं. रंगवून, हसवून सांगितलंस, दूधवाल्यासकट. कमळाकर म्हणाला, "म्हंजे आमचे भावोजी झिरोशेठ!" आणि नाव पडलं. जत्रेला झिरोशेठ, हळदीला झिरोशेठ, गाळ्यावरच्या उत्तर भारतीय कारीगरांतही जीरो सेठ. तू हसायचास, आणि मीही हसायचो. मी हसायचो, बाळाराम. हे माझ्या तोंडाने तुझ्यापुढे कबूल करायचं राहून गेलं, म्हणून आता करतो.

नावाचं काही नाही. नाव कोणाला चिकटत नाही आपल्याकडे? पण तुझा तुझ्या हातावरचा विश्वास गेला, ते मी बघत होतो. लूमचा स्विच बंद केलास तरी परत येऊन बघायचास. कुलूप लावलंस की मला ओढून दाखवायला सांगायचास. आणि वर्षाच्या आत तू गाडी चालवणं सोडलंस. ड्रायव्हर ठेवलास. "माझे हाताचा भरवसा न्हाय," म्हणायचास. ज्या माणसाने चिखलात, वाळूत, धामणकर नाक्याच्या गर्दीत गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, तो डाव्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसायला लागला. तारा म्हणायची, वय झालं. मी मान डोलवायचो.

आणि मी तुझ्याशी कधी भांडलो नाही त्या सात वर्षांत. तुला ते खटकत होतं का रे? आधी आपण रोज भांडायचो, चहात साखर किती यावरून सुद्धा. त्यानंतर तू म्हणशील ते बरोबर. तू एकदा म्हणालास, "हरी, तू आजकाल पाव्हण्यासारखा वागतोस." मी काहीतरी हसण्यावारी नेलं.

मग तुझं दुखणं आलं. हृदय फुगलंय म्हणाले डॉक्टर, जिना चढायचा नाही, मीठ खायचं नाही. मी रोज दुपारी तुझ्याकडे येऊन बसायचो. त्या दिवशी तारा मागे कपडे वाळत घालत होती. औषधाची वेळ झाली, गोळ्यांचा डबा तुझ्या उशाशीच होता. तू तो उचलून माझ्यापुढे धरलास. "तू काढून दे. दोन लाल, एक पांढरी. मी काढलो तं सगला शून्य करीन," म्हणालास आणि हसलास.

आपल्या जिवाच्या गोळ्या तू माझ्या हातात दिल्यास, कारण तुला तुझ्या हातापेक्षा माझा खात्रीचा वाटत होता. माझ्याने ती गोष्ट आणखी पोटात ठेववेना. मी डबा खाली ठेवला आणि म्हणालो, "बाळाराम, शून्य मी केला व्हता."

"काय?"

"जिप्सीत. तू डोळे धूत व्हतास. मी बसलो ने हात गेला."

तू उशीवरून अर्धा उठलास. मला वाटलं तुला श्वास लागला. मग म्हणालास, "परत बोल."

मी परत बोललो.

"तारा!" तू हाक मारलीस. आजारी माणसाच्या छातीत एवढा आवाज कुठून आला देव जाणे. ती ओले हात घेऊन धावत आली. "काय झाला?"

"माझी चप्पल आन."

"कुठं जायाचा?"

"जायाचा न्हाय कुठं. याला माराचा हाय!"

मी खूप वेळा कल्पना केली होती त्या क्षणाची. कधी वाटायचं तू रडशील, कधी वाटायचं कायमचं तोंड फिरवशील. चप्पल मागशील असं वाटलं नव्हतं. तू गोळ्यांचा डबा मला फेकून मारलास. गोळ्या खाटेखाली गेल्या आणि मी गुडघ्यांवर रांगत त्या वेचत होतो, वरून तू माझ्या बापाचा, आज्याचा, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतास. "मना सात वरसं झिरोशेठ बोलतान! आनी तू हसतोस दात काढून!" आणि मी खाटेखाली, तोंडात धूळ, हसू दाबत होतो आणि रडतही होतो. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते म्हटलं तर तुला राग येईल. येऊ दे. सकाळी सहाला माझ्या घरचा फोन वाजायचा. मी उचलला की तिकडून तुझा आवाज, "हरी? चोर." आणि फोन बंद. परत साडेसहाला. सुमनला वाटलं तुझ्या डोक्यावर परिणाम झाला. दुपारी मी यायचो, तेव्हा तू उशीला टेकून तयार असायचास. चहात साखर कमी पडली यावरून तू भांडलास, मी उलट भांडलो. नऊ की बारा यावर दोन तास गेले. तू कागदावर टेकडी काढून दाखवलीस, मी ती खोडली. तारा दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर बोल्ला त्रास देऊ नका," आणि तू म्हणालास, "तू जा, आमचा चाललाय."

तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या असाव्यात. तू नुसतं विचारलंस, "क्याला रे?"

मी म्हणालो, "एवढ्या लोकांसमोर बोल्लो व्हतो आकड्यात चुकत न्हाय. मना लाज वाटली."

"आनी दुसरे दिवशी?"

"दुसरे दिवशी जास्त वाटली."

"आनी सात वरसं?"

तू पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवलास, तो मी प्यायलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी आलो तर तू कपडे करून ओट्यावर बसलेला. ड्रायव्हरला तू सुट्टी दिली होतीस. जिप्सीची किल्ली तुझ्या हातात होती. तारा रडकुंडीला आली होती, पण तुझा चेहरा बघून तीच मला म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." मी डावीकडे बसलो. पहिल्या गल्लीत तू गाडी इतकी हळू चालवलीस की हातगाडीवाला आपल्याला मागे टाकून गेला. दर वेळी गिअर टाकून तू हाताकडे बघायचास. धामणकर नाक्यावर कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो आडवा आला, दोन शेअर रिक्षा तोंडात घुसल्या. तू बघितलं नाहीस. हात आपोआप चालला, गाडी त्या तिघांच्या मधून मागातल्या धोट्यासारखी सरळ निघाली, आणि रिक्षावाल्याच्या आईबापाची चौकशी करत तू पुढे गेलास. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. तुला दिसलं असेल.

शेलारला सासूबाई अंगणात सुकी मच्छी निवडत होत्या. कमळाकरही घरी होता. तू गाडीतून उतरलास, त्यांना म्हणालास, "हरीला काय सांगायाचा हाय," आणि खुर्ची ओढून बसलास. मी सांगितलं. उभं राहून, सगळं, चावीच्या आवाजासकट. कमळाकरला कुठे बघावं कळेना. तो तुझ्यासमोर येऊन "भावोजी" एवढंच म्हणाला.

सासूबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. त्या तुझ्यावर उखडल्या. "तुझा हात तुना म्हाईत नसतो? असा कसा रे तू? आपन न्हाय केला तं ठाम सांगायाचा न्हाय?"

तू खांदे उडवलेस. म्हणालास, "हरी बोल्ला ना, मी न्हाय म्हनून. तो कवा खोटा बोलत न्हाय."

त्या अंगणात मी उभाच्या उभा राहिलो. तू टोमणा मारला नव्हतास. विचारलं म्हणून खरं कारण सांगितलंस, आणि लगेच सासूबाईंना विचारलंस की जेवायला म्हावरा कोणता आहे. तुझ्या जिवाला मिठाची बंदी, म्हणून त्यांनी तुला अळणी कालवण वेगळं केलं. पहिलं ताट तुझ्यापुढे आलं. माझं सगळ्यांत शेवटी, आणि त्यातला तळलेला तुकडा तू उचलून खाल्लास.

हे सगळं मी कशाला लिहितोय? तुला तर ठाऊकच आहे. लिहितो कारण आता सहाला फोन वाजत नाही आणि तरी जाग येते. भांडायला कोणी नाही. कधी कधी एवढं भरून येतं की गाळ्यात जाऊन लूमच्या आवाजात उभा राहतो, तिथे रडलं तरी कोणाला ऐकू येत नाही. पण ते रडणं निव्वळ तुझ्यासाठीचं असतं. त्यात माझी चोरी मिसळलेली नसते. सात वर्षं मला तुझ्यावर धड मायाही करता येत नव्हती, आता येते. तू गेल्यावर का होईना.

तू गेलास त्याच्या आठवडाभर आधीची ती दुपार; शेलारहून निघालो तेव्हा ऊन तापलं होतं. मी म्हणालो, आता मी चालवतो, तू दमलास. तू किल्ली दिली नाहीस. "बस गप," म्हणालास. बाहेरच्या बाजूने वळसा घेऊन जाऊ, रस्ता मोकळा असतो, असंही काहीतरी बोललास. मी सीट मागे घेतली. सात वर्षांत तुझ्याजवळ बसून मला कधी डुलकी लागली नव्हती, कायम काहीतरी राखत बसल्यासारखा जागा असायचो. त्या दिवशी नाक्याच्या आधीच डोळे मिटले. जाग आली तेव्हा गाडी माझ्या दाराशी सावलीत उभी होती, इंजिन बंद होतं, आणि तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी उठायची वाट बघत बसला होतास.